आधी घरभेटी, मग झोन ऑफिस

जय भीम ताई,

उत्तर नागपुरातल्या तुमच्या वस्तीत रविवारच्या वंदनेला चाळीस-पंचेचाळीस बाया विहारात जमतात. पावसाळ्यात गडर, म्हणजे सांडपाण्याची लाइन, तुंबतं, चेंबरमधून घाण पाणी उसळतं आणि खालच्या दोन गल्ल्यांत घरोघरी शिरतं. विहाराच्या नावाने लोक गोळा करून महापालिकेच्या झोन ऑफिसवर मोर्चा न्यावा असं तुमच्या मनात आहे, पण कमिटीतले वडीलधारे म्हणतात, ‘विहारात राजकारण नको.’ शेजारी मशीद आहे, नाल्यापलीकडे हनुमान मंदिर आहे, त्यांना सोबत घ्यायचं का, हेही तुम्ही विचारलं आहे. नागपूरच्या वस्त्यांमध्ये विहार, भजनी मंडळं आणि प्रार्थनेचे गट यांच्यासोबत मी सव्वीस वर्षं काम केलं. त्या भरवशावर लिहिते.

मोर्चा आत्ता काढू नका. तो पुढे लागेलही, पण आत्ता काढला तर लोक विहाराच्या शब्दाखातर येतील, पाण्यासाठी नाही. विहाराच्या शब्दाखातर आलेला माणूस एकदा येतो. दुसऱ्यांदा बोलावलं की त्याला काम निघतं. माझ्या पहिल्या वर्षी मी हेच केलं होतं. एका वस्तीतून तीनशे माणसं घेऊन आम्ही एका कार्यालयावर गेलो. घोषणा झाल्या, निवेदन दिलं, साहेबांनी ‘बघतो’ म्हटलं, फोटो निघाला. तीन महिन्यांनी त्याच वस्तीत बैठक बोलावली तर सात जण आले. पुढे कळलं की मी जो रस्त्याचा प्रश्न उचलला होता तो मला रस्त्यावरून जाताना दिसलेला होता. तिथल्या बायांच्या डोक्यात रात्रीच्या अंधाराचा प्रश्न होता, कारण कंपनीतून उशिरा सुटणाऱ्या त्यांच्या मुली त्या अंधारातून यायच्या. मी कोणाला विचारलंच नव्हतं.

तुमच्याकडे काय आहे ते आधी नीट बघा. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी इथे, आपल्या शहरात, दीक्षा घेतली आणि लाखोंना दिली. त्यानंतर वस्तीवस्तीत जे विहार उभे राहिले ते बहुतेक लोकांनी स्वतःच्या वर्गणीतून आणि श्रमातून उभे केले. कोणी विटा वाहिल्या, कोणी रेती आणली, कोणी रविवारची मजुरी सोडून भिंत बांधली. विहार म्हणजे एकत्र जमण्याची सवय आहे. ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी, कोणी बोलावणं न पाठवता माणसं येतात, चपला काढतात, एका ओळीत बसतात आणि एका सुरात म्हणतात. ही सवय विकत मिळत नाही. संघटन बांधणाऱ्या बाहेरच्या माणसाला एवढ्यासाठीच दोन-दोन वर्षं लागतात.

शिवाय ऑक्टोबरचे ते दोन-तीन दिवस आठवा. दीक्षाभूमीवर गावोगावहून माणसं येतात आणि आपल्या वस्त्यांतल्या बाया रस्त्याकडेला चुली मांडून हजारोंना जेवू घालतात. भाजी किती, तांदूळ किती, पाण्याचा टँकर कोण सांगणार, रात्री भांड्यांवर कोण झोपणार, सगळं चोख होतं. हे करणाऱ्या बायांना संघटन शिकवायची गरज नाही. तीच हुशारी त्यांनी आपल्या गल्लीतल्या चेंबरकडे वळवायची आहे.

आता ‘विहारात राजकारण नको’. हे म्हणणाऱ्यांना विरोधक समजू नका. त्यांच्या बोलण्यामागे अनुभव असतो. निवडणूक आली की कोणी फरशी बसवून देतो, कोणी माइक देतो, कोणी मूर्ती देतो आणि मग विहाराच्या भिंतीवर त्याचं नाव येतं, वस्तीत दोन तट पडतात. ज्यांनी हे पाहिलं आहे ते घाबरणारच. त्यांची भीती बरोबर आहे असं त्यांना सांगा. कायदाही त्यांच्या बाजूने आहे: धार्मिक संस्था (दुरुपयोग प्रतिबंध) अधिनियम, १९८८ प्रमाणे धर्मस्थळाची जागा राजकीय कामासाठी वापरता येत नाही. त्यातली राजकीय कामाची व्याख्या रुंद आहे. म्हणून मी नेहमी सांगत आले की वंदना, वाचन, एकमेकींची विचारपूस विहारात. अधिकाऱ्याला किंवा उमेदवाराला बोलवायचं असेल तर समाजभवनात, शाळेच्या ओसरीत, नाहीतर सरळ त्या तुंबलेल्या चेंबरजवळ. विहाराचा ट्रस्ट नोंदलेला असेल तर त्याचं लेटरहेड कमिटीच्या ठरावाशिवाय वापरू नका. निवेदन ‘वस्तीतील रहिवासी’ म्हणून द्या, खाली घर क्रमांकासह सह्या घ्या. लेटरहेडवर अध्यक्षाची एक सही असते, त्यापेक्षा एकशेवीस घरांच्या सह्या जड पडतात.

पण राजकारण नको म्हणजे बोलायचंच नाही, असं जर कोणी म्हणत असेल, तर त्यांच्यापुढे आपलाच वारसा मांडा. महापरिनिब्बान सुत्ताच्या सुरुवातीला अजातशत्रू राजा आपल्या वस्सकार नावाच्या मंत्र्याला भगवान बुद्धांकडे पाठवतो, कारण त्याला वज्जींच्या गणराज्यावर चढाई करायची असते. भगवान आपल्या आनंद नावाच्या शिष्याला विचारतात, वज्जी लोक वारंवार एकत्र जमतात का? एकोप्याने जमतात, एकोप्याने उठतात आणि आपली कामं एकोप्याने करतात का? जोवर ते हे करतील तोवर त्यांची वाढच होईल, ऱ्हास होणार नाही. मी हा भाग कित्येक विहारांत वाचून घेतला आहे. वाचून झाल्यावर एकच प्रश्न विचारायचा: आपण जमतो, पण जमून कोणतं काम करतो? मग गप्प बसायचं. एका विहारात दोन मिनिटं कोणी बोललं नाही. मग मागच्या ओळीतली एक म्हातारी म्हणाली, ‘‘आपण जमतो, वंदना म्हणतो अन् आपापल्या घरच्या पाण्यात जाऊन उभ्या राहतो.’’ त्या दिवसापासून तिथलं काम सुरू झालं. बाबासाहेबांनी दीक्षेच्या वेळी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये समता स्थापन करण्याचा प्रयत्न करण्याची प्रतिज्ञा आहे. २० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेब माणसं घेऊन गेले ते तळ्याच्या पाण्यासाठी. पाण्याचा विषय विहाराबाहेरचा आहे असं मग कोण म्हणेल?

कमिटीच्या अध्यक्षांना भेटायला मात्र घरी जा. बैठकीत सगळ्यांसमोर त्यांना कोंडीत पकडू नका. ‘बाबाजी, हा विहार कसा बांधला ते सांगा’ एवढंच विचारा. तास जाईल, जाऊ द्या. त्या गोष्टीत तुम्हाला सगळं मिळेल: जागा कोणाची होती, पहिल्यांदा कोण भांडलं, कोण तुरुंगात गेलं, कोणत्या बाईने गळ्यातली पोत मोडून दिली. उठताना परवानगी मागू नका, ‘आम्ही येत्या रविवारपासून वस्तीत घरोघरी भेटायला जाणार आहोत, पहिल्या दिवशी तुम्ही सोबत चला’ असं सांगा. परवानगी मागितली की ‘नाही’ म्हणायची सोय होते. सोबत मागितली की माणूस चप्पल घालतो.

घरभेटी हे या सगळ्या कामाचं मूळ आहे, म्हणून त्यावर जरा थांबते. दोघी-दोघींच्या जोड्या करा, एक मोठी एक लहान. एका घरी अर्धा तास. हातात फॉर्म नको, मोबाइल नको. फॉर्म दिसला की बाई राशनकार्ड शोधायला लागते, तिला वाटतं योजना आली. आत बसा, पाणी प्या. ‘कशा आहात’ नंतर दोनच प्रश्न पुरतात: तुम्हाला रात्री झोप कशाने लागत नाही? आणि यात काही बदलायचं झालं तर तुम्ही स्वतः काय कराल? दुसरा प्रश्न विसरू नका. नुसता पहिला विचारला तर तुम्ही तक्रारी गोळा करणाऱ्या होता, आणि चार दिवसांनी लोक तुम्हालाच विचारतात, ‘ताई, आमचं काय झालं?’ बाहेर पडल्यावर, पुढच्या गल्लीत उभं राहून, जे ऐकलं ते वहीत लिहा. कोण चिडून बोललं, कोणाच्या बोलण्याला शेजारणी मान डोलावतात, कोणाकडे पाच घरच्या बाया दुपारी बसतात, हे लिहा. ज्यांच्याकडे बाया बसतात त्या तुमच्या पुढाऱ्या. त्यांना माइकवर बोलता येतं की नाही याने काही फरक पडत नाही.

अशा शंभर भेटी होईपर्यंत कोणताही प्रश्न ठरवू नका. कदाचित गडरच निघेल. कदाचित दुसरंच निघेल. एका वस्तीत आम्ही पाण्यासाठी गेलो आणि भेटींतून दारूचं दुकान पुढे आलं. दारूबद्दल एक सावधगिरी इथेच सांगते. पंचशीलात मद्य वर्ज्य आहे, बावीस प्रतिज्ञांतही आहे, त्यामुळे विहारात हा विषय पटकन पेटतो. पण तो ‘पिणारी घरं’ आणि ‘न पिणारी घरं’ अशा भांडणात गेला की जिचा नवरा पितो ती बाई लाजेने यायची थांबते, आणि खरं तर लढायला तीच सर्वांत पुढे असते. दुकान हा विषय ठेवा, माणूस नको. महाराष्ट्रात दुकान बंद करण्यासाठी मतदानाची तरतूद आहे, ‘उभी बाटली, आडवी बाटली’ म्हणून ती सगळ्यांना माहीत आहे. आधी २५ टक्के महिला मतदारांच्या किंवा एकूण मतदारांच्या सह्या लागतात. त्या सह्यांसाठीही शेवटी घरोघरीच जावं लागतं.

गडरच ठरलं असं धरून पुढे जाते. ‘गडर खराब आहे’ एवढ्यावर कोणी काम करून देत नाही. कोणतं चेंबर, कोणती लाइन, पाणी कोणत्या दिशेने परत येतं, ती लाइन किती घरांसाठी टाकली होती आणि आज किती घरं तिला जोडली आहेत, हे कळायला हवं. आणि सगळ्यात आधी, वस्ती कोणाच्या अखत्यारीत आहे: महापालिका की नासुप्र, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यास? घोषित झोपडपट्टी आहे की गुंठेवारीचा, म्हणजे मंजुरीशिवाय प्लॉट पाडून विकलेला, लेआउट? नागपुरात नियमित करायला घेतलेल्या ५७२ आणि १९०० अनधिकृत लेआउटचा विषय ज्याला ठाऊक आहे त्याला कळेल की हा प्रश्न आधी का सोडवायचा. उत्तर नसेल तर तुम्ही या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहता. महापालिकेकडे असेल तर तुमचं झोन बघा, उत्तरेत बहुधा आशीनगर किंवा मंगळवारी लागेल.

नकाशा तुम्हीच काढा. एका वस्तीत आम्ही समाजभवनाच्या फरशीवर खडूने गल्ल्या काढल्या. बाया आपापल्या घराच्या जागी जाऊन बसल्या. जिच्या घरात पाणी शिरतं तिने आपल्यासमोर पाण्याचा पेला ठेवायचा. पाच मिनिटांत सगळ्यांना दिसलं की पेले एका सरळ रेषेत आहेत आणि ती रेषा नाल्यावरच्या एका जुन्या मोरीपाशी संपते. तोवर प्रत्येकीला वाटत होतं की आपल्या घराची पातळी खाली आहे, आपल्या नवऱ्याने भरण टाकलं नाही, चूक आपली. त्या रेषेने अर्ध्या बायांची मान वर झाली. त्यानंतर आम्ही प्रत्येक मोठ्या पावसानंतर घरांच्या भिंतीवर पाण्याच्या उंचीची खूण खडूने करायला लागलो, शेजारी तारीख. कालाम सुत्तात भगवान बुद्धांनी सांगितलंच आहे की परंपरेने आलं, कोणी सांगितलं, म्हणून खरं धरू नका, स्वतः पारखा. अधिकाऱ्यासमोर ती खडूची तारीख भाषणापेक्षा जास्त बोलते.

कागदाचं थोडक्यात. निवेदन नेहमी दोन प्रतींत, दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा अर्ज, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही नाहीत; उत्तराची मुदत ३० दिवस, नाही आलं तर पहिलं अपील. त्यात ‘गडरचं काम का होत नाही’ असं विचारू नका, ‘का’ला उत्तर मिळत नाही. गेल्या तीन वर्षांत या लाइनच्या सफाईवर कोणत्या तारखांना काम झालं, त्याचा कार्यादेश, झालेलं काम मोजून लिहितात त्या मोजमाप पुस्तिकेच्या नोंदींची प्रत, असं मागा.

आणि वर्षाचं गणित बसवा. आपल्याकडे वर्षावास आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत. तीन महिने विहारात धम्मग्रंथाचं वाचन होतं, बाया रोज संध्याकाळी येतात. नेमके तेच पाणी शिरण्याचे महिने. बहुतेक वस्त्या याच काळात मोर्चा काढतात, आणि भर पावसात लाइन बदलता येत नाही, हे कारण कोणीही सहज देऊन टाकतं. म्हणून वर्षावासात वाचन, भेटी आणि खडूच्या खुणा. धम्मचक्र प्रवर्तन दिन झाला, पाहुणे परतले, की निवेदन आणि पहिली भेट. महापालिकेचा अर्थसंकल्प फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येतो, त्याआधी तुमच्या लाइनचं नाव कुठल्यातरी यादीत चढलेलं असलं पाहिजे. एप्रिल-मेमध्ये पावसाळापूर्व नालेसफाई होते, तेव्हा दोन बाया रोज नाल्यावर हजर: गाळ काढला का, आणि काढून काठावरच तर नाही ठेवला? १४ एप्रिलच्या जयंतीला वर्गणी जमतेच. तिच्यातला एक लहान हिस्सा या कामासाठी बाजूला ठेवायचा ठराव तुमच्या बायांनी मांडला तर मला फार आनंद होईल. तरुण मुलं आधी कुरकुरतील. त्यांना नकाशाच्या फरशीवर बसवा.

अधिकाऱ्याच्या भेटीला तीनशे नको, बारा जणी पुरे. पण त्या बारा जणींनी आदल्या दिवशी सराव केलेला हवा. कोण सुरुवात करणार, कोण नकाशा उघडणार, कोण आपल्या घरची गोष्ट सांगणार, कोण लिहून घेणार, आणि साहेब विषय भलतीकडे नेऊ लागले तर कोण परत आणणार. मागणी एकच, आणि तिचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ आणि एक तारीख. ‘बघतो’ हे उत्तर नाही. त्या भेटीत मी किंवा माझ्यासारखी कोणी बोलायचं नाही. भिंतीला टेकून उभं राहायचं.

एकदा अशाच भेटीत धुणीभांडी करणारी एक बाई होती. सरावातही तिचा आवाज फुटत नव्हता. तिला फक्त नकाशाचं एक टोक धरायचं होतं. अधिकारी म्हणाले, पाणी थोडा वेळ राहतं, उतरून जातं. ती टोक न सोडता म्हणाली, ‘‘साहेब, तुमी एक बार रातच्याले या. पाणी आलं का आमी लेकराईले पलंगावर ठेवतो, अन् आमी उभ्याच राहतो. सकाळी पाच वाजता मले कामावर जा लागते. उतरून जाते म्हंता, पण उतरेपर्यंत कोण उभं राहते?’’ खोलीत कोणी काही बोललं नाही. अधिकाऱ्यांनी डायरी उघडली आणि पाहणीची तारीख दिली. बाहेर आल्यावर आम्ही कडुनिंबाखाली बसलो आणि नेहमीप्रमाणे प्रत्येकीला विचारलं: काय चांगलं झालं, कुठे अडखळलो, आता पुढे काय. हे बसणं चुकवू नका. घरी गेल्यावर स्वयंपाक असतो, मग ती गोष्ट विरून जाते.

त्या वस्तीचं पुढे काय झालं तेही सांगते. पाहणी झाली, मोरी साफ झाली, चार महिन्यांनी एका गल्लीतली लाइन बदलली. दुसऱ्या गल्लीची नाही बदलली. त्या गल्लीतल्या बाया चिडल्या, काही जणी वंदनेलाही यायच्या बंद झाल्या. त्या वेळी पहिल्या गल्लीतल्या बाया, ज्यांचं काम झालं होतं, त्या दुसऱ्या गल्लीत घरभेटींना गेल्या. पुढच्या निवेदनावर पहिल्या सह्या त्यांच्या होत्या. ज्या दिवशी हे झालं त्या दिवशी मला वाटलं की इथे माझी गरज संपत आली.

आता शेजारच्या धर्माची माणसं. पाणी नाल्यातून येतं, ते विहाराची गल्ली आणि मशिदीची गल्ली बघत नाही, त्यामुळे सोबत घ्यायचंच. पण स्टेजवर चार धर्मांचे चार जण बसवून फोटो काढण्याने सुरुवात करू नका. तिथेही आधी घरंच. तुमच्यातली एखादी ताई मशिदीजवळच्या बायांसोबत शिलाईचं काम करत असेल, कोणाची मुलं एका शाळेत असतील, त्या धाग्याने जा. मुस्लिम घरांतल्या बायांची भेट घरीच होईल. इमामसाहेबांना वेगळं भेटा. त्यांना पटलं तर शुक्रवारच्या नमाजनंतर ते दोन वाक्यं सांगतील आणि ती तुमच्या पन्नास पत्रकांपेक्षा लांब जातील. रमजानमध्ये संध्याकाळची बैठक ठेवू नका. हनुमान मंदिराच्या मंडळाला शनिवारी गाठा.

एक गोष्ट फार जपा. प्रार्थना एकत्र कालवू नका. आपल्या बायांना बावीस प्रतिज्ञा आहेत, त्यांना आरतीला उभं करणं म्हणजे त्यांच्या श्रद्धेची आणि मंदिरवाल्यांच्या श्रद्धेचीही हेळसांड आहे. संयुक्त बैठक समाजभवनात घ्या, सुरुवातीला एक मिनिट शांत, ज्याने त्याने आपापल्या मनात. मग थेट नकाशा. मी पाहिलं आहे की जो माणूस आपल्या श्रद्धेत पक्का असतो त्याला दुसऱ्याच्या श्रद्धेची भीती कमी वाटते. उमरेड रोडवरच्या ताजबागला बाबा ताजुद्दीनांच्या दर्ग्यात कोणत्या धर्माची माणसं येत नाहीत? या शहराला एकमेकांच्या दारी जायची सवय जुनी आहे.

आणि हे काम काही बाहेरून आलेलं नाही. अमेरिकेत शिकागोच्या खाटीकखान्यांजवळच्या वस्तीत १९३९ साली चर्च आणि कामगार संघटनांना एकत्र आणून सॉल अलिन्स्की यांनी हीच रीत बांधली. पुढे १९७४ साली टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो शहरात कॅथलिक चर्चांमधल्या गरीब मेक्सिकन वस्त्यांनी जो पहिला मोठा प्रश्न हाती घेतला तो पावसाचं पाणी घरात शिरण्याचाच होता. तिथेही बोलणाऱ्यांत बाया मोठ्या संख्येने होत्या. ते वाचलं तेव्हा मला बळ आलं. पण त्याच्याही आधीपासून आमच्या वऱ्हाडात गाडगेबाबा दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात लोकांना प्रश्न विचारायचे, उत्तर लोकांकडूनच वदवून घ्यायचे. तुकडोजी महाराजांनी मोझरीला गुरुकुंज उभारलं, सामुदायिक प्रार्थना लावली आणि प्रार्थनेतून उठलेल्या माणसांना ग्रामसफाईला लावलं. मंदिराच्या मंडळाशी बोलताना हे सांगा. त्यांच्याकडे खंजिरी असेल, तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची एक-दोन म्हातारी माणसं असतील. त्यांना हा विषय समजावून सांगावा लागत नाही.

पैशाचं एक. घरटी महिन्याला १० रुपये, हिशोब दर महिन्याला फळ्यावर, सगळ्यांना दिसेल असा. झेरॉक्स, ऑटोचं भाडं, चहा यातून निघतो. कोणी मंडप देतो, खुर्च्या देतो, बस देतो म्हणालं तर हात जोडून नको म्हणा, मग तो आपल्या विचाराचा का असेना. नगरसेवकाकडे मागणी घेऊन जरूर जायचं, पण त्याच्या गाडीत बसून नाही. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर बराच काळ प्रशासक होता, नगरसेवकच नव्हते. ज्या वस्त्या एका भाऊच्या फोनवर चालत होत्या त्या तेव्हा मुक्या झाल्या. ज्यांच्या बायांना आवकची खिडकी, इंजिनिअरचं टेबल आणि अर्जाचा क्रमांक माहीत होता त्यांचं काम हळू का होईना, सुरू राहिलं. तुमच्या गटातलं कोणी निवडणुकीला उभं राहत असेल तर राहू द्या, तो हक्क आहे. फक्त त्या दिवशी त्यांनी गटाची वही दुसरीच्या हातात द्यायची, हे आत्ताच, कोणी उभं राहायच्या आधी, ठरवून लिहून ठेवा.

येत्या रविवारी वंदना झाल्यावर उठायची घाई करू नका. वहीत पहिल्या दहा घरांची नावं काढा. त्या दहांत खालच्या गल्लीतली घरं असतीलच; पण वंदनेला आधी यायच्या आणि आता येत नाहीत, अशा दोन-तीन जणी प्रत्येक वस्तीत असतात. मला तुमच्या जागी ठेवलं तर मी पहिली भेट त्यांच्याकडे देईन. का थांबल्या ते विचारेन, आणि त्या सांगतील ते मधे न बोलता ऐकून घेईन.